फाळ लोखंडाचा होता का? गंगेच्या खोऱ्यातल्या नांगरटीची पार्श्वभूमी

राजस्थानात घग्गर नदीच्या काठी कालीबंगा येथे जुन्या वस्तीच्या तटबंदीबाहेर नांगरलेले शेत सापडले, इ.स.पू. २८००च्या आसपासचे. एका दिशेचे तास, म्हणजे नांगराने पडलेल्या चऱ्या, सुमारे ३० सेंटिमीटरवर, आडवे तास १.९ मीटरवर. उत्खनन चालू होते तेव्हाही तिथले शेतकरी असेच दुहेरी तास काढून कुळीथ आणि मोहरी एकत्र घेत. हरियाणातल्या बनावलीला मातीचा छोटा नांगरही मिळाला. लोखंड घरोघरी पोहोचण्याच्या कितीतरी आधीची ही नांगरट.

वाद आहे तो पुढच्या काळाचा. मधल्या गंगेच्या खोऱ्यातले दाट जंगल लोखंडी कुऱ्हाडीने तोडले, जड जमीन लोखंडी फाळाने फोडली, धान्य उरू लागले आणि इ.स.पू. सहाव्या शतकात नगरे उभी राहिली, अशी मांडणी गेल्या शतकाच्या मध्यापासून रूढ झाली. ती सुटसुटीत आहे, म्हणूनच पाठ्यपुस्तकांत टिकली. पण जंगल जाळूनही हटते. शतपथ ब्राह्मण या वैदिक ग्रंथात अग्नी सदानीरा (बहुधा आजची गंडक) नदीपर्यंत जमीन जाळत गेल्याची कथा आहे. पूर्व उत्तर प्रदेशातल्या लहुरादेवाला भात लोखंडाच्या फार आधीपासून होता. गाळाची माती ओली असताना लाकडी फाळालाही दाद देते. आणि उत्खननात लोखंड दिसू लागते त्या सुरुवातीच्या थरांत लोखंडाचे बाण, भाले, खिळे भरपूर. फाळ अगदी मोजके. उत्तर प्रदेशातल्या जाखेडाच्या फाळाचे नाव म्हणूनच वारंवार घेतले जाते.

तरीही लोखंडाला वगळणे मला पटत नाही. शेतीची पेरणी चालू असताना बुद्ध एका ब्राह्मणाच्या शेतावर जातात, त्या पाली भाषेतल्या बौद्ध सुत्तात पाचशे नांगर जुंपलेले आहेत. ब्राह्मणाने दिलेले अन्न बुद्ध नाकारतात आणि ते पाण्यात टाकले जाते. तिथेच उपमा येते: दिवसभर तापलेला फाळ पाण्यात टाकावा तसे ते अन्न चरचरले, वाफाळले. लाकूड असे चरचरत नाही. ज्याने हे रचले त्याने धातूचा फाळ पाहिला होता, ऐकणाऱ्यांनीही. शब्दही तोच, ‘फाल’. आपला फाळ त्याचाच. नांगर हा ‘लांगल’चा.

हा नांगर माती चिरायचा, पलटत नसे. पलटी मारणारा लोखंडी नांगर आपल्याकडे विसाव्या शतकात रुळला. तोवर लाकडी नांगराला लोखंडाची म्हणून एवढी एकच वस्तू, फाळ. तो झिजला की लोहाराकडे जायचा, ठोकून पुन्हा टोकदार व्हायचा, अगदीच संपला की त्याचे खुरपे नाहीतर विळा व्हायचा. शेतात किंवा घरात तो टाकून दिलेला सापडावा कसा?