शेताचा ताबा, लेकराचा ताबा

सातारा-सांगलीच्या कोर्टात शेताचा ताबा मागतात आणि लेकराचाही ताबाच मागतात. शब्द एकच. नवरा-बायको वेगळे झाल्यावर मुलाचं काय करायचं, याचा आपला कायदा कुठून निघाला ते या एका शब्दावरून कळतं.

मूळ कायदा 1890 चा, पालक आणि पाल्य अधिनियम. त्याच्या कलम 19 प्रमाणे बाप हयात असेल आणि कोर्टाला तो नालायक वाटत नसेल, तर दुसऱ्या कुणाला मुलाचा कायदेशीर पालक नेमता येत नसे. त्या ओळीत आई नव्हती. ती आली 2010 च्या दुरुस्तीने, तब्बल 120 वर्षांनी! 1956 च्या हिंदू अज्ञानत्व (म्हणजे अल्पवयीनत्व) कायद्याने पाच वर्षांखालचं मूल सर्वसाधारणपणे आईजवळ ठेवलं खरं, पण नैसर्गिक पालक आधी बाप आणि 'त्याच्यानंतर' आई. मूल सांभाळायचं तिने, पालक म्हणून नाव त्याचं. 1999 मध्ये गीता हरिहरन खटल्यात सुप्रीम कोर्टाने 'नंतर' म्हणजे फक्त बापाच्या मृत्यूनंतर नव्हे, असा अर्थ लावला तेव्हा कुठे ही गाठ सैल झाली.

त्याच 1956 च्या कायद्याचं कलम 13 मात्र मला फार मोलाचं वाटतं. मुलाचं हित सर्वांत वर, असं ते सांगतं. मुलं म्हणजे आईबापांची मालमत्ता किंवा खेळणी नव्हेत, हे सुप्रीम कोर्टाने 1973 मध्येच रोझी जेकब खटल्यात बजावलं होतं.

आपल्याकडे प्रश्न अंतराचाही आहे. विटा, खानापूर, आटपाडीकडची कितीतरी कुटुंबं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी देशभर पांगलेली. साताऱ्याची माणसं मुंबईत. संसार तिकडे मोडतो आणि आई मूल घेऊन माहेरी येते. मूल नेहमी जिथे राहतं तिथल्या कोर्टात पालकत्वाचा अर्ज करावा लागतो, म्हणून बाप हजार किलोमीटरवरून इथे तारखेला येतो. कोर्टाच्या व्हरांड्यातल्या बाकावर तो खाऊचा पुडा घेऊन बसलेला असतो आणि मूल आजीच्या पदराआडून बघत असतं. ओळख पटून ते जवळ येईपर्यंत भेटीची वेळ संपत आलेली असते. हे ज्याने पाहिलंय त्याला 'भेटीचा हक्क' या शब्दांचं वजन वेगळं सांगावं लागत नाही.

2020 मध्ये यशिता साहू खटल्यात सुप्रीम कोर्टाने भेटीच्या जोडीला संपर्काचाही हक्क मानला. मूल ज्याच्याकडे नाही, त्याला रोज पाच-दहा मिनिटं व्हिडिओ कॉलवर बोलता यावं, असं सांगितलं. दूरच्या बापासाठी हे फार मोठं आहे. विधी आयोगाने 2015 च्या 257 व्या अहवालात संयुक्त ताब्याची, म्हणजे आईबाप दोघांकडे मिळून ताबा देण्याची, शिफारस केली होती. तिचा कायदा अजून झालेला नाही.

हिंदू विवाह कायद्याच्या कलम 26 खालचा मुलाच्या ताब्याचा, भेटीचा हुकूम कायमचा नसतो, तो बदलून मिळतो. मूल पाचवीत गेलं, शनिवारची शिकवणी लागली, की जुनी वेळ जमत नाही. अशा वेळी दोघांच्या सहीची पुरसीस, म्हणजे कोर्टाला दिलेलं लेखी निवेदन, दाखल झाली, तर वाद उरत नाही आणि मुलाला पुन्हा त्या बाकापर्यंत यावं लागत नाही.