निवृत्त शर्यती घोड्यांचे पुनर्वसन

शर्यतीतून बाद झालेल्या थरोब्रेड या शर्यतीसाठी जोपासलेल्या जातीच्या घोड्यांना नवा मालक, नवे काम किंवा निदान चरायला कुरण मिळवून देण्याची व्यवस्था. थरोब्रेड दोन वर्षांचा असतानाच धावपट्टीवर उतरतो. बहुतेकांची कारकीर्द काही वर्षांतच आटोपते, पण घोडा २५ वर्षे किंवा त्याहूनही अधिक जगतो. नावाजलेले नर आणि बऱ्याच माद्या पैदाशीसाठी ठेवल्या जातात. खच्ची केलेल्या घोड्यांना तीही वाट नसते.

कीर्तीही घोड्याला तारत नाही, हे फर्डिनंडच्या बाबतीत दिसले. १९८६ची केंटकी डर्बी ही अमेरिकेतील नामांकित शर्यत जिंकलेला हा घोडा १९९४ मध्ये पैदाशीसाठी जपानला विकला गेला. तिथे मागणी घटल्यावर तो हातोहात फिरला आणि २००२ मध्ये बहुधा कत्तलखान्यात संपला. ही बातमी पुढच्या वर्षी अमेरिकेत पोहोचली आणि मोठा क्षोभ उसळला. त्यानंतर परदेशी विक्रीच्या काही करारांत घोडा परत घेण्याची अट येऊ लागली. १९९७चा डर्बीविजेता सिल्व्हर चार्म २०१४ मध्ये जपानहून केंटकीतील ‘ओल्ड फ्रेंड्स’ या आश्रयस्थानी परतला. संघटित काम मात्र याआधीच सुरू झाले होते. ‘थरोब्रेड रिटायरमेंट फाउंडेशन’ने १९८४ पासून न्यूयॉर्क राज्यातील वॉलकिल तुरुंगात कैद्यांकडे अशा घोड्यांची निगा सोपवली. ब्रिटनमध्ये २००० साली ‘रिट्रेनिंग ऑफ रेसहॉर्सेस’ ही संस्था स्थापन झाली.

चांगल्या संस्था घोडा नुसता देऊन टाकत नाहीत. घेणाऱ्याचा अनुभव आणि तबेला पाहिला जातो. घोडा परस्पर विकू नये, सांभाळणे जमेनासे झाल्यास संस्थेकडेच परत आणावा, असा लेखी करार होतो. या व्यवहारातील सर्वांत मोलाची गोष्ट हा करारच आहे, कारण घोड्याचा माग सुटला की त्याला वाचवणारे कोणी उरत नाही.

नव्या शिकवणीआधी त्याला विसावा लागतो. शर्यतीच्या तबेल्यात तो दिवसाचा बहुतेक वेळ बंद असतो आणि चंदी म्हणजे दाणा भरपूर खातो. त्यामुळे पोटात व्रण झालेले अनेकदा आढळतात. म्हणून दाणा हळूहळू कमी करून वैरण वाढवतात आणि त्याला मोकळे सोडतात. स्नायुबंध, सांधे, पाठ आणि खुरांची तपासणी टाळू नये. त्यानंतरचे काम चिकाटीचे. लगाम ताणला की त्यावर रेलून जोर करायचा, हे तो धावपट्टीवर शिकलेला असतो. आता त्याच ताणाला मंदावायचे असते. जॉकीला खालून उचलून पाठीवर बसवतात, म्हणून स्वार रिकिबीत पाय घालून चढेपर्यंत स्थिर उभे राहणेही त्याला शिकवावे लागते. उलट गर्दी, आंघोळ, नालबंद, वाहनातला प्रवास यांची त्याला चांगली सवय असते.

मुंबईत महालक्ष्मी आणि पुण्याच्या रेसकोर्समुळे महाराष्ट्राचा या प्रश्नाशी थेट संबंध आहे. महालक्ष्मीच्या ‘अ‍ॅमॅच्युअर रायडर्स क्लब’सारख्या ठिकाणी शर्यतीतून आलेले घोडे रपेटीसाठी वापरले जातात. स्वारीस योग्य घोड्याला अशी जागा मिळू शकते. लंगड्याला मिळणे फार कठीण. त्याच्याकडून काम होत नाही, पण चारा, नालबंदी, जंतनाशक, दातांची निगा हा खर्च सुटत नाही, आणि शहरात कुरणही नसते. असह्य, बरे न होणाऱ्या वेदनेत पशुवैद्याच्या हातून वेदनारहित मरण देणे हे त्याला अनोळखी दलालाच्या स्वाधीन करण्यापेक्षा निश्चितच दयेचे आहे.