रात्रीचा आम्लप्रतिवाह आणि निजतेवेळचे आम्लरोधक औषध

जठरातील आम्लरस झोपेत अन्ननलिकेत उलट चढणे याला रात्रीचा आम्लप्रतिवाह म्हणतात. तो आवरण्यासाठी आम्लाचे स्रवण कमी करणारे औषध निजण्यापूर्वी देण्याची पद्धत वैद्यकात रूढ आहे. छातीत जळजळ होऊन जाग येणे, घशाशी आंबट पाणी येणे, ठसका लागणे, सकाळी घसा बसलेला असणे ही त्याची नेहमीची लक्षणे होत. बोलीभाषेत या साऱ्याला सरसकट ‘ॲसिडिटी’ म्हटले जाते. त्यामुळे दिवसाचा आणि रात्रीचा त्रास एकच समजून एकाच गोळीने दोन्हींवर उपाय केला जातो, आणि पुष्कळदा तो रात्री अपुरा पडतो.

जागेपणी अन्ननलिकेत आम्ल चढले, तरी गुरुत्वाकर्षण, वारंवार गिळणे आणि आम्ल उदासीन करणारी लाळ यांमुळे ते लवकर धुऊन निघते. झोपेत लाळ जवळजवळ थांबते, गिळणे विरळ होते आणि आडवे पडल्यामुळे उताराचा फायदाही मिळत नाही. म्हणून रात्री प्रतिवाहाचे प्रसंग संख्येने कमी असले, तरी प्रत्येक प्रसंगी आम्ल अन्ननलिकेच्या अस्तराला दीर्घकाळ लागून राहते आणि इजा अधिक होते. शिवाय जठरात अन्न नसतानाही संध्याकाळनंतर आम्लस्रवण वाढते. ते मध्यरात्रीच्या आगेमागे सर्वाधिक असते आणि त्यामागे मुख्यतः हिस्टामिन या द्रव्याची प्रेरणा असते.

एच-२ रोधक औषधे नेमकी ही प्रेरणा अडवतात. ब्रिटिश औषधशास्त्रज्ञ जेम्स ब्लॅक यांच्या संशोधनातून निघालेले सिमेटिडिन हे या गटातील पहिले औषध १९७६ साली ब्रिटनमध्ये वापरात आले, आणि ब्लॅक यांना १९८८ मध्ये नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. पुढे बराच काळ घरोघरी पोहोचलेले रॅनिटिडिन एनडीएमए या कर्करोगाचा संभव असलेल्या अशुद्धीमुळे २०२० मध्ये अमेरिकेच्या बाजारातून काढून घेण्यात आले. आता या गटातून बहुधा फॅमोटिडिन दिले जाते. ते निजताना घेतल्यास रात्रीचे आम्ल चांगले उतरते. परंतु रोज घेतल्यास एक-दोन आठवड्यांतच शरीर त्याला सरावते आणि परिणाम ओसरू लागतो. त्यामुळे ते दररोज न घेता, उशिरा किंवा जड जेवण झालेल्या रात्रीपुरते घेणे अधिक शहाणपणाचे ठरते.

ओमेप्राझोल, पँटोप्राझोल इत्यादी प्रोटॉन पंपरोधके, म्हणजे जठराच्या पेशींतून आम्ल बाहेर सोडणारे ‘पंप’ बंद करणारी औषधे, याहून प्रबळ आहेत, पण त्यांची मेख वेळेत आहे. रक्तात ती एक-दोन तासच प्रभावी प्रमाणात टिकतात आणि त्या अवधीत जे पंप चालू असतील तेवढेच कायमचे बंद करतात. पंप चालू होतात ते जेवणाने. म्हणून नेहमीची गोळी जेवणापूर्वी अर्धा ते एक तास घ्यावयाची असते; जेवून, उशीवर डोके टेकताना घेतलेली गोळी बरीचशी वाया जाते. रात्रीच्या त्रासासाठी ती सकाळऐवजी संध्याकाळच्या जेवणाआधी घेणे, किंवा दोन्ही वेळा घेणे, हा पहिला बदल असतो. सोडियम बायकार्बोनेटसह येणारे जलद ओमेप्राझोल मात्र याला अपवाद आहे, कारण ते निजतानाही उपयोगी पडते.

दिवसातून दोनदा पंपरोधक घेऊनही रात्री जठराचा पीएच (आम्लतेचे माप; तो जितका कमी तितके आम्ल तीव्र) सलग एक तासाहून अधिक काळ ४ च्या खाली राहिल्यास त्याला ‘रात्रीची आम्लउसळी’ म्हणता येईल. अशा रुग्णांना निजताना एच-२ रोधक जोडून देतात. पण जठरात आम्ल वाढले म्हणजे ते अन्ननलिकेत चढलेच असे नाही, आणि केवळ आकड्याच्या मागे लागून गोळ्या वाढवण्याचा मोह वैद्यांनीही टाळावा असा हा विषय आहे. वोनोप्राझान हे नव्या गटातील औषध जेवणाच्या वेळेवर अवलंबून नसते आणि रात्रीही बराच काळ टिकते. जपानमध्ये त्याला २०१४ मध्ये मान्यता मिळाली.

औषधे आम्ल कमी करतात, प्रतिवाह थांबवत नाहीत. अन्ननलिका आणि जठर यांच्यामधली ढिली पडलेली झडप ढिलीच राहते. जेवण आणि झोप यांत दोन-तीन तासांचे अंतर राखणे, पलंगाची डोक्याकडची बाजू १५ ते २० सेंटिमीटर उचलणे, डाव्या कुशीवर निजणे आणि वाढलेले वजन उतरवणे यांचा लाभ म्हणूनच औषधाबरोबरही होतो. नुसत्या उशा रचून मात्र पोट दुमडते आणि त्रास वाढू शकतो.

मूत्रपिंडाचा विकार असल्यास फॅमोटिडिनची मात्रा कमी करावी लागते. वृद्धांत त्याने क्वचित गोंधळलेपण येते. पंपरोधके वर्षानुवर्षे घेतल्यास ब-१२ जीवनसत्त्व आणि मॅग्नेशियम घटू शकते, तर दीर्घ वापरानंतर ती एकाएकी सोडल्यास काही काळ आम्ल उलट उसळते, म्हणून ती हळूहळू कमी करतात. गिळताना अन्न अडकणे, विनाकारण वजन घटणे, रक्ताची उलटी किंवा काळी शौच यांपैकी काही असल्यास गोळी बदलत बसण्याऐवजी दुर्बिणीने तपासणी करून घ्यावी लागते.