गरम जेवण फ्रीजमध्ये ठेवलं की आंबतं? उलटंय!

"पूर्ण गार झाल्याशिवाय फ्रीजमध्ये ठेवू नको, आंबेल" हे सगळ्यांनीच ऐकलंय, पण आंबतं ते खरं बाहेर ओट्यावर राहून. ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या मधे जंतू भराभर वाढतात आणि मोठं पातेलं झाकून ठेवलं ना तर दोन तासांनी मधोमध डाव घालून बघा, कोमटच लागतं. म्हणून २ तासांच्या आत फ्रीजमध्ये गेलंच पाहिजे. हां, उकळतं पातेलं तसंच कोंबू नका, शेजारचं दूध तापतं (एवढं मात्र जुन्या लोकांचं बरोबर). पसरट डब्यांत काढायचं, वाफ गेली की आत. आणि "परत उकळलं की झालं" म्हणणाऱ्यांनो, काही जंतूंचं विष उकळूनही जात नाही.