मीटिंग होती का पार्टी? पार्टीगेट अन् बिअरगेटची पार्श्वभूमी

पार्टीगेट म्हटलं की लोकांना ब्रिटनचे तेव्हाचे पंतप्रधान बोरिस जॉन्सन, वाइन आणि माफी एवढंच आठवतं, पण सगळी भानगड कोरोनाच्या नियमातल्या एका सवलतीची होती. घरच्यांशिवाय कुणाला भेटायचं नाही, मात्र कामासाठी गरजेचंच असेल तर चालेल. आता ऑफिसात बसलेला प्रत्येक जण कामावरच असतो की! मग सहानंतर ग्लास हातात आला की काम संपलं का चालू आहे, हे ठरवायचं कुणी?

ब्रिटनमध्ये लॉकडाऊन जाहीर झाला २३ मार्च २०२० ला, आपल्याकडच्या रात्री आठच्या भाषणाच्या आदल्याच दिवशी. दोनच महिन्यांत, २० मे ला, पंतप्रधानांचे मुख्य खासगी सचिव मार्टिन रेनॉल्ड्स यांच्या नावाने शंभरावर लोकांना मेल गेला की हवा मस्त आहे, सहा वाजता डाउनिंग स्ट्रीटच्या, म्हणजे पंतप्रधानांच्या ऑफिस-निवासाच्या, बागेत या, अंतर ठेवून पिऊ, आणि दारू आपापली आणा. गंमत म्हणजे त्याच संध्याकाळी मंत्री ऑलिव्हर डाउडेन टीव्हीवरून जनतेला सांगत होते की बाहेर भेटायचं तर घराबाहेरच्या फक्त एकाच माणसाला, तेही दोन मीटर लांबून. बागेत तीस-चाळीस जण जमले, जॉन्सनही गेले. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण म्हणतात ना, इथे पाषाण कोरडेसुद्धा नव्हते.

१९ जून २०२० ला जॉन्सनचा ५६वा वाढदिवस कॅबिनेट रूममध्ये झाला, केक, गाणं सगळं, आणि दुसऱ्या दिवशी द टाइम्समध्ये त्याची बातमीही छापून आली होती! कुणाला काही वाटलं नाही. बोंब झाली ती दीड वर्षाने, ३० नोव्हेंबर २०२१ ला डेली मिररने डाउनिंग स्ट्रीटमधल्या २०२० च्या ख्रिसमस पार्टीची बातमी दिली तेव्हा. सरकार म्हणालं नियम पाळले होते, मग आठवडाभरात आयटीव्हीने व्हिडिओ दाखवला, त्यात प्रेस सेक्रेटरी अ‍ॅलेग्रा स्ट्रॅटन अशाच पार्टीबद्दलच्या लुटुपुटूच्या प्रश्नाला उत्तर देण्याची प्रॅक्टिस करताना हसत होत्या. दुसऱ्या दिवशी रडत राजीनामा. माझ्या मते लोक भडकले ते पार्टीपेक्षा त्या हसण्यावर, कारण त्याच वर्षात कित्येकांनी आईबापाला फोनच्या स्क्रीनवर शेवटचं बघितलं होतं.

मग एकेक बाहेर येत गेलं. सगळ्यात वाईट १६ एप्रिल २०२१ ची रात्र, दुसऱ्या दिवशी प्रिन्स फिलिप यांचा अंत्यविधी, राणी चर्चमध्ये मास्क लावून एकटीच बसली होती, आणि आदल्या रात्री डाउनिंग स्ट्रीटमध्ये दोन-दोन निरोप समारंभ. सूटकेस घेऊन माणूस दुकानात पाठवला आणि ती बाटल्यांनी भरून आणली, बागेत जॉन्सनच्या पोराचा झोका मोडला. त्या रात्री जॉन्सन स्वतः नव्हते हेही सांगायला हवं, पण राजवाड्याची माफी मागावी लागली.

बागेतल्या पार्टीबद्दल जॉन्सन १२ जानेवारी २०२२ ला संसदेत म्हणाले की मला तो कामाचाच कार्यक्रम वाटला, मी २५ मिनिटं होतो. आणि पोलिसांचा हिशोबही बघा. एकूण १२६ दंड, ८३ जणांना, पण जॉन्सनना फक्त एक, तोही त्या केकवाल्या वाढदिवसाचा. तेव्हाचे अर्थमंत्री ऋषी सुनक मीटिंगसाठी म्हणून त्या खोलीत आलेले, त्यांनाही दंड. एक समर्थक तर म्हणाले की केकने साहेबांवर अचानक हल्ला केला!

दरम्यान तेव्हाच्या विरोधी पक्षाचं, म्हणजे लेबर पार्टीचंही निघालं, तेच बिअरगेट. ३० एप्रिल २०२१, हार्टलपूलच्या पोटनिवडणुकीचा प्रचार, डरहॅमच्या एका ऑफिसात लेबरचे तेव्हाचे नेते कीर स्टार्मर, हातात बिअरची बाटली, सोबत पार्सल आणलेली करी, खिडकीतून कुणीतरी शूट केलं. लेबरवाले आधी म्हणाले उपनेत्या अँजेला रेनर तिथे नव्हत्या, मग म्हणाले होत्या, त्यामुळे संशय वाढला. डरहॅम पोलिसांनी आधी सोडून दिलेली चौकशी मे २०२२ मध्ये परत उघडली. स्टार्मर म्हणाले दंड झाला तर राजीनामा देतो. ८ जुलैला पोलिसांनी सांगितलं की ते जमणं कामासाठी गरजेचं होतं, दंड नाही. म्हणजे तीच सवलत, जी जॉन्सनना बागेत वाटत होती. आणि आदल्याच दिवशी, वेगळ्याच प्रकरणावरून, जॉन्सननी पद सोडत असल्याचं जाहीर केलं होतं.

तिथेही संपलं नाही, कारण पार्टी करणं वेगळं आणि संसदेत खोटं बोलणं वेगळं. हॅरिएट हार्मन यांच्या संसदीय समितीने जून २०२३ मध्ये म्हटलं की जॉन्सननी सभागृहाची जाणूनबुजून दिशाभूल केली. ९० दिवस निलंबनाची शिफारस केली असती, पण ते आधीच खासदारकी सोडून मोकळे झाले होते. १९ जूनला समितीच्या अहवालावर मतदान झालं, तो मान्य झाला, योगायोगाने त्यांचा ५९वा वाढदिवस, ३५४ विरुद्ध ७. तेव्हाचे पंतप्रधान मतदानाला फिरकलेच नाहीत. ते कोण, तर सुनक, केकच्या खोलीतले.