गर्भकालीन मधुमेहानंतरचे वजन-नियंत्रण

गरोदरपणात प्रथमच आढळणाऱ्या रक्तातील वाढीव साखरेला गर्भकालीन मधुमेह म्हणतात. तो होऊन गेलेल्या स्त्रीने बाळंतपणानंतर आहार, व्यायाम, स्तनपान आणि नियमित तपासणी यांच्या आधारे वजन आटोक्यात आणणे व ते तसे राखणे, हा या नोंदीचा विषय आहे. पुढे होऊ शकणारा दुसऱ्या प्रकारचा मधुमेह टाळणे किंवा लांबवणे हा यामागचा मुख्य हेतू असून बांधा पूर्ववत होणे ही त्यापुढे गौण गोष्ट आहे.

गरोदरपणात वारेतून स्रवणाऱ्या संप्रेरकांमुळे शरीर इन्सुलिनला पुरेशी दाद देत नाही. स्वादुपिंड जास्त इन्सुलिन तयार करून ही तूट भरून काढते; ज्या स्त्रीच्या स्वादुपिंडाला तेवढे झेपत नाही, तिची साखर वाढते. वार पडली की हा अडथळा झपाट्याने ओसरतो आणि बहुतेकींची साखर काही दिवसांतच पूर्वपदावर येते. ‘मधुमेह गेला’ असा समज होतो तो यामुळेच. परंतु स्वादुपिंडाची उघड झालेली मर्यादा कायम राहते. जॉन ओसलिव्हन आणि क्लेअर माहन यांनी १९६४ साली ७५२ गरोदर स्त्रियांच्या चाचण्यांवरून निदानाचे जे निकष मांडले, ते मुळात आईला पुढे मधुमेह होण्याची शक्यता किती, याच कसोटीवर पारखलेले होते. बाळ जन्मले की सर्वांचे लक्ष त्याच्याकडे वळते आणि आईसाठी असलेला हा इशारा मागे पडतो, ही खेदाची गोष्ट आहे. अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण करून २००९ मध्ये पुढे मधुमेह होण्याचा हा धोका इतर मातांच्या किमान सातपट, तर २०२० मध्ये जवळजवळ दहापट असल्याचे दाखवण्यात आले.

आनुवंशिकता आणि वय यांवर कोणाचा इलाज चालत नाही; वजनावर मात्र काही अंशी चालतो. पोटाभोवतीचा मेद इन्सुलिनचा परिणाम बोथट करतो, त्यामुळे तो घटला की स्वादुपिंडावरचा भार हलका होतो. सडपातळ स्त्रियांनाही गर्भकालीन मधुमेह होतो, म्हणून या आजाराचे खापर आईच्या खाण्यावर किंवा वजनावर फोडणे अन्यायाचे आहे.

अमेरिकेतील ‘डायबिटीस प्रिव्हेन्शन प्रोग्राम’ या चाचणीत साखर सीमारेषेवर असलेल्या आणि पूर्वी गर्भकालीन मधुमेह होऊन गेलेल्या ३५० स्त्रिया होत्या. वजनात ७ टक्के घट आणि आठवड्याला १५० मिनिटे व्यायाम असे उद्दिष्ट दिलेल्या गटात मधुमेहाचे प्रमाण सुमारे निम्म्याने घटले; मेटफॉर्मिन हे साखर कमी करणारे औषध घेणाऱ्या गटातही जवळपास तेवढीच घट दिसली. ७० किलो वजनाच्या स्त्रीच्या बाबतीत ७ टक्के म्हणजे जेमतेम ५ किलो. मात्र या स्त्रियांच्या त्या बाळंतपणाला सरासरी १२ वर्षे उलटून गेली होती. उशिरा केलेला प्रयत्नही वाया जात नाही, हे यातून दिसते. पण हेच उद्दिष्ट ओल्या बाळंतिणीपुढे जसेच्या तसे ठेवणे योग्य नव्हे.

बाळ, वार आणि गर्भजल मिळून साधारण ५ किलो वजन प्रसूतीतच उतरते व साठलेले पाणी पुढच्या काही दिवसांत निघून जाते. दूध नीट येऊ लागेपर्यंत खाणे कमी करू नये. पूर्ण स्तनपानासाठी रोज सुमारे ५०० किलोकॅलरी खर्च होतात, आणि स्तनपान जितके जास्त काळ चालते तितका आईचा मधुमेहाचा धोका कमी आढळतो. दूध नीट येऊ लागल्यावर वजन जास्त असलेल्या आईने आठवड्याला अर्धा किलो या गतीने ते उतरवले, तरी बाळाच्या वाढीत बाधा येत नाही. उपास करण्यापेक्षा गोड पेये सोडणे, पिठूळ पदार्थ एकाच जेवणात न घेता दिवसभरात विभागणे आणि डाळी व भाज्या वाढवणे अधिक टिकाऊ ठरते. सिझेरियन झाले असल्यास व्यायाम डॉक्टरांच्या सल्ल्यानेच वाढवावा.

पहाटे तीनला बाळाला पाजून पुन्हा डोळा लागतो न लागतो तोच उठावे लागणाऱ्या आईला ‘रोज तासभर चाला’ असे सांगणे पोकळ आहे. तिच्यासाठी दहा-दहा मिनिटांचे चालणे दिवसातून दोन-तीनदा, तेही बाळाला घेऊन, हेच शक्य असते. सहा महिन्यांच्या बाळाच्या ज्या आईला दिवसाकाठी पाच तास किंवा त्याहून कमी झोप मिळते, तिचे वाढलेले वजन वर्षभरानंतरही टिकून राहण्याची शक्यता अधिक असते. म्हणून घरच्यांनी रात्रीची एखादी पाळी उचलणे हा उपचाराचाच भाग मानला पाहिजे. सततची उदासी असेल तर तिच्यावर आधी इलाज व्हावा.

प्रसूतीनंतर ४ ते १२ आठवड्यांत ग्लुकोज चाचणी करतात. आई उपाशीपोटी जाते, रक्त देते, पाण्यात विरघळवलेले ७५ ग्रॅम ग्लुकोज पाच मिनिटांत पिते आणि दोन तासांनी पुन्हा रक्त देते. दोन तासांनंतरची साखर प्रति डेसिलिटर १४० मिलिग्रॅमच्या आत असणे अपेक्षित असते. २०० किंवा अधिक आल्यास मधुमेहाचा संशय धरून तपासणी पुढे नेतात. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी चाचणी या काळात भरवशाची नसते, कारण गरोदरपणामुळे आणि प्रसूतीतील रक्तस्रावामुळे तिचा आकडा कमी येऊ शकतो. अहवाल चांगला आला तरी दर १ ते ३ वर्षांनी तपासणी जन्मभर करायची असते. दोन गरोदरपणांच्या मधल्या काळात वजन वाढल्यास गर्भकालीन मधुमेह पुन्हा होण्याची शक्यता वाढते. त्यामुळे पुढच्या गर्भधारणेपूर्वीही साखर पाहिली जाते, आणि वजन पूर्ववत झालेल्या स्त्रीलाही यातून सूट नाही.