स्टँड अप फॉर वनसेल्फ

आपल्या हक्कावर, मतावर किंवा मानावर कोणी गदा आणत असता माघार न घेता आपली बाजू लावून धरणे, या अर्थाचा हा इंग्रजी क्रियापदसमूह आहे. त्याचे तीनही घटक सलग येतात आणि ज्याची बाजू घ्यायची त्याचा उल्लेख 'फॉर'नंतरच होतो. मराठीतला 'ला' काय किंवा 'माले', 'तुले' यांतला अहिराणी 'ले' काय, नामाच्या मागून येतो. इंग्रजी 'फॉर' मात्र नामाच्या आधी उभा असतो, म्हणून खानदेशातल्या विद्यार्थ्याच्या वाक्यातून तो सहज गळतो. तो गाळून कर्म मध्ये घातले, तर अर्थच पालटतो: 'ही स्टूड मी अप' म्हणजे भेटायचे कबूल करून तो आलाच नाही.

'फॉर'च्या जागी 'टू' आला की रोख प्रतिपक्षाकडे वळतो. नंदुरबारला १९४२ साली स्वातंत्र्यलढ्यातला शाळकरी मुलगा शिरीषकुमार मेहता पोलिसांसमोर ठाकला, तेथे 'टू' हवा. अमळनेरला पूर्वी शिक्षक असलेल्या साने गुरुजींनी पंढरपूरचे विठ्ठलमंदिर दलितांना खुले व्हावे म्हणून १९४७ साली उपोषण केले, तेथे 'फॉर', पण लढा दुसऱ्यांसाठी असल्याने 'सेल्फ' नाही.

मराठी 'स्वतः' कोणत्याही कर्त्याबरोबर तसाच राहतो. इंग्रजीत मात्र 'वनसेल्फ' हे कोशातले रूप असून वाक्यात कर्त्याप्रमाणे 'मायसेल्फ', 'हरसेल्फ', 'देमसेल्व्ह्ज' असे बदल करावे लागतात. 'मायसेल्फ'वरून 'हिजसेल्फ' करण्याचा मोह तर्काला धरूनच आहे, तरी प्रमाण इंग्रजीत 'हिमसेल्फ'च चालतो. भूतकाळी रूप 'स्टूड' होते, 'स्टँडेड' नव्हे.

भाषांतरात खरी गफलत 'आपल्या पायावर उभे राहणे' या वाक्प्रचारामुळे होते. नोकरी लागून घर चालवू लागलेली धुळ्याची मुलगी आपल्या पायावर उभी राहते. पण वजनात कट्टी, म्हणजे वजावट, कापू पाहणाऱ्या व्यापाऱ्याला काट्याजवळच 'हे चालणार नाही' असे सुनावणारा रावेरचा केळी उत्पादक, कर्जात बुडालेला असला तरी, 'स्टँड्स अप फॉर हिमसेल्फ'. त्यासाठी आवाज चढवावाच लागतो असे नाही, त्यामुळे 'भांडणे' हा प्रतिशब्द चुकतो. हल्ली रूढ होऊ लागलेले 'स्वतःसाठी उभे राहणे' हे शब्दशः भाषांतर आहे. मराठीत याच अर्थाने 'पड न खाणे' आणि 'नमते न घेणे' हे वाक्प्रचार आधीपासून आहेत.